बोरूचा काप आणि फाउंटन पेनाचे तिरपे निब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि दक्षिणेतील मराठी राजवटींवर विद्वानांची भाषणे झाली. त्या विषयांचा विस्तार मोठा. माझा विषय रुंदीने फार तर एक मिलिमीटरचा आहे. फाउंटन पेनाच्या निबाचे टोक कसे कापलेले असावे, आणि मराठी लिहिणाऱ्याने ते कसे निवडावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. रेघ कोठे जाड व्हावी आणि कोठे होऊ नये, यावर पोट भरलेला मी मनुष्य. तेव्हा हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही. तो आपणालाही वाटू नये अशा बेताने मी बोलणार आहे.

स्मरणिका समितीने मंडळाच्या इतिवृत्तांच्या जुन्या वह्या मला चाळावयास दिल्या होत्या. पहिल्या वहीतील अक्षर पाहताच मी थबकलो. लिहिणाऱ्या चिटणीसांच्या हाती फाउंटन पेनच होते, पण त्यांचा हात लहानपणी बोरूवर घडलेला असला पाहिजे. काना आणि शिरोरेखा सारख्या भरीव, ‘र’चा उजवीकडे उतरणारा पाय बारीक, मात्रा आरंभी ठसठशीत आणि शिरोरेखेला टेकताना निमुळती. पुढच्या वह्यांत चिटणीस बदलले तसे अक्षर बदलले. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. काहींचे वळण तर पहिल्यापेक्षा नेटके आहे. पण रेघ सगळीकडून एकाच जाडीची झाली, तारेची वाकवून अक्षरे करावीत तशी. अलीकडची इतिवृत्ते संगणकावर छापलेली आहेत, आणि आपल्या तरुण मंडळींचे निरोप मोबाइलवर रोमन लिपीत येतात. येथे वाढणाऱ्या मुलांना देवनागरी भेटते ती हिंदीच्या पुस्तकात. ‘ळ’ लिहावयाची वेळ त्यांच्यावर येते ती आजी-आजोबांना पत्र लिहिताना, आणि ते पत्रही हल्ली वर्षाकाठी एखादेच. अशा मुलांपुढे जे चार मराठी शब्द हाताने लिहिलेले येतील, ते कसे दिसतात याला मी महत्त्व देतो.

आता आपण राहतो त्या शहराकडे पाहा. लेखणीच्या दृष्टीने हैदराबादइतके शिकवणारे गाव दुसरे क्वचितच असेल. येथे तीन लेखण्यांच्या तीन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. तेलुगू लिपी वाढली ती ताडपत्रावर, लोखंडी घंटमाच्या टोकाने. टोचणीने ओरखडा काढावयाचा आणि मग त्यात काजळी भरावयाची. त्या ओरखड्याला जाड-बारीक असा भेदच नाही, आणि आडव्या सरळ रेघेने ताडपत्र शिरेच्या दिशेने फाटण्याचे भय, म्हणून अक्षरे वाटोळी, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. दुसरी लेखणी उर्दू कातिबांची. छत्ता बाजारात लग्नपत्रिका लिहून देणारे कातिब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. संगणक येईपर्यंत येथील उर्दू वर्तमानपत्रेही कातिबांच्या हातांनीच लिहिली जात. त्यांच्या कलमाचे टोक रुंद आणि तिरपे कापलेले असते. त्या तिरप्या छाटाला ते ‘कत’ म्हणतात, आणि कत बरोबर बसली नाही तर सारे अक्षर बिघडले असे मानतात. तिसरी लेखणी आपला बोरू. त्याचेही टोक रुंद, त्याचाही काप तिरपा. पण तो कातिबाच्या कलमाच्या नेमका उलट दिशेने तिरपा! दोन्ही लेखण्या काडीच्या, दोन्ही उजव्या हातात धरलेल्या. भेद काय तो चाकूच्या शेवटच्या एका छाटाचा. आजच्या भाषणाचा सारा जीव या उलट तिरपेपणात आहे.

(येथे वक्त्यांनी फळ्यावर खडू आडवा धरून चार रेघा काढून दाखविल्या.)

फळ्यावर मी चार रेघा काढल्या: एक उभी, एक आडवी, एक डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारी, आणि एक उजवीकडे वरून डावीकडे खाली उतरणारी. पहिल्या तिरप्या रेघेला आपण ‘उतरण’ म्हणू आणि दुसरीला ‘चढण’, कारण डावीकडून लिहीत जाणाऱ्याला ती वर चढणारी दिसते. रुंद टोकाची लेखणी आपल्या धारेच्या दिशेने सरकली की केसासारखी बारीक रेघ उमटते, आणि धारेला काटकोनात सरकली की पूर्ण रुंदीची. युरोपातील रोमन अक्षरे ज्या लेखणीने घडली तिची धार चढणीच्या दिशेने असते. म्हणून त्यांची चढण बारीक, उतरण जाड. कोणत्याही छापील इंग्रजी पुस्तकातील मोठा ‘ए’ पाहा. त्याचा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो. देवनागरीच्या बोरूची धार उतरणीच्या दिशेने असते. म्हणून आपली उतरण बारीक, चढण जाड. ‘र’चा पाय बारीक का, याचे उत्तर हे. ‘व’चे पोट डावीकडे वरच्या अंगाला आणि उजवीकडे खालच्या अंगाला भरते, मध्ये निमुळते होते, याचेही उत्तर हेच. आणि धार बरोबर मधल्या कोनात, म्हणजे पंचेचाळीस अंशांत असेल, तर काना आणि शिरोरेखा एकाच जाडीच्या येतात. देवनागरीच्या ओळीला जो चौकटीसारखा भक्कमपणा असतो तो या समानतेतून येतो.

हे कोणी नियम म्हणून बसवलेले नाही. हात आणि बोरू यांनी शतकानुशतके मिळून ठरवलेले आहे. पण आपल्या पूर्वसूरींना त्याची जाण नव्हती असेही नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, समास किती सोडावा, हे तर त्यात आहेच. शिवाय नाना देशींचे बोरू आणून ठेवावेत असेही ते सांगतात. घर सोडून दूर आलेल्या आपणा मंडळींना हा सल्ला विशेष रुचावा. ग्रंथ पाहिला असता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बोरू झिजत असे, पुन:पुन्हा तासावा लागत असे. तरीही अक्षर एकसारखे यावयाचे तर प्रत्येक वेळी काप त्याच तिरपेपणाने आला पाहिजे. तेव्हा लेखणी कापणे हा लेखनाचाच एक भाग होता.

छापखाने आले तेव्हाही हा काप गेला नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिरांनी अक्षरांचे ठसे कोरले, ते बोरूच्या वळणाला धरून. ज्यांच्या घरी निर्णयसागरची जुनी पोथी असेल त्यांनी भिंग घेऊन पाहावे. पोलादात कोरलेल्या अक्षरातही चढण जाड आणि उतरण बारीक आहे. या साऱ्या प्रवासाचा अभ्यास ज्यांना करावयाचा असेल त्यांनी बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथ पाहावा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली प्रसिद्ध केला. संगणकावर पुष्कळांच्या नित्य पाहण्यात असलेला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. जोशी (१९३६-२००८) स्वतः बोरू हाती धरणारे सुलेखनकार होते.

काप गेला तो हातातून. आधी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची पोलादी निबे टाकाला लागली. त्यांचे टोक अणकुचीदार. त्यात जाडी यावयाची ती दाब दिल्याने, कापामुळे नव्हे. मग फाउंटन पेन आले. न्यूयॉर्कच्या वॉटरमन यांनी आपल्या पेनाचे पेटंट १८८४ साली घेतले, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ही ‘झरणी’ आपल्याकडे शाळेपर्यंत पोहोचली. तिच्या टोकावर कठीण धातूचा एक बारीक मणी डाळलेला असतो. मणी गोल असल्यामुळे तो सर्व दिशांनी सारखाच चालतो. तेलुगूला तो घंटमासारखा मानवला. उर्दूचे आणि मराठीचे जाड-बारीक मात्र त्याने पुसून टाकले. स्वदेशीच्या काळात आपल्याकडेही पेने व शाई होऊ लागली. गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा उद्योग सुरू केला, तोच पुढे ‘कॅम्लिन’. आपल्या या तेलुगू मुलखात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ पासून पेने बनवावयास घेतली. त्यांच्या पेनाची पोच गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्राने दिली होती. तेव्हा राजमहेंद्रीचे पेन आणि मराठी मुलूख यांचे नाते तसे जुने आहे. पण या पेनांचीही निबे सामान्यतः गोल मण्याचीच.

आता तिरप्या निबाकडे येतो. युरोपात फाउंटन पेनाच्या गोल मण्याविषयी अशीच हळहळ वाटणारे लोक होते. इंग्लंडात एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९०६ साली सुलेखनावर एक ग्रंथ लिहून रुंद टोकाच्या लेखणीचे पुनरुज्जीवन केले. जर्मन कारखानदार तर आपल्या पेनांना सपाट आणि तिरप्या टोकांची निबे पुष्कळ वर्षे नियमाने लावीत. पेलिकन किंवा माँ ब्लाँ यांच्या जुन्या निबांवर ‘ओ.एम.’, ‘ओ.बी.’, ‘ओ.बी.बी.’ अशी अक्षरे दिसतात. त्यांतील ‘ओ’ म्हणजे ऑब्लिक, तिरपे. पुढची अक्षरे रुंदीची, मध्यम, रुंद आणि अतिरुंद. तिरपेपणा बहुधा पंधरा अंशांच्या आसपास असतो.

हा तिरपेपणा कोणत्या बाजूचा, हा पेच सोडविण्यासाठी पेनवाल्यांनी एक सोपी खूण ठरविली आहे. उभे राहून आपल्या पावलांकडे पाहा. डाव्या पावलाचा अंगठा उजवीकडे असतो आणि पुढे आलेला असतो. बोटे डावीकडे आखूड होत जातात. निबाचे टोक आपल्यापासून दूर करून वरून पाहिले असता ते असे दिसले, म्हणजे उजवा कोपरा पुढे आणि डावा मागे, तर ते ‘डाव्या पावलाचे’ निब. त्याच्या उलट, डावा कोपरा पुढे असेल तर ‘उजव्या पावलाचे’. नुसते ‘ऑब्लिक’ म्हणून जे विकले जाई आणि अजूनही जे हाती येते, ते जवळजवळ सदैव डाव्या पावलाचे असते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. डावे-उजवे हे पावलाचे आहे, हाताचे नाही. डाव्या पावलाचे निब म्हणजे डावखुऱ्यांचे निब, असा समज दुकानांतूनही आढळतो. त्यावर विसंबू नये.

डाव्या पावलाच्या निबाने काय होते? उजव्या हाताने लिहिणाऱ्याची धार ते आणखी चढणीकडे फिरवते. ज्यांना पेन बोटांत आत, म्हणजे डावीकडे, वळवून धरण्याची सवय आहे त्यांच्या हातात ते सपाट टेकते, आणि इंग्रजी लिहिताना सुंदर जाड-बारीक देते. पण त्याने मराठी लिहिले की सारे उलटे उमटते. शिरोरेखा पट्ट्यासारखी जाड, काना काडीसारखा बारीक, ‘र’चा पाय हत्तीचा!

माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांचे मराठी अक्षर येथील मराठी मंडळींत नावाजलेले. त्यांच्या चिरंजीवांनी परदेशातून त्यांना एक भारी पेन भेट पाठविले. निबावर ‘ओ.बी.’. विकणाऱ्याने सांगितले होते की ऑब्लिक निबाने अक्षर सुधारते. गृहस्थांनी त्या पेनाने बहिणीला पत्र लिहावयास घेतले, दोन ओळी लिहिल्या आणि कागद बाजूला ठेवला. आठवड्याने पुन्हा तेच. त्यांच्या मनाने घेतले की आता हात गेला, वय झाले. त्यांनी मराठी लिहिणेच सोडले. बहिणीला फोन करू लागले, आणि बहिणीला ऐकू कमी येत असे. चार-पाच महिन्यांनी मी सहज भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी ते पेन मला दाखविले, ते पेनाविषयी तक्रार म्हणून नव्हे, आपल्या हाताविषयी. मी त्यांना कागदावर फळ्यावरच्या याच चार रेघा काढावयास सांगितल्या. उतरण जाड आली, चढण बारीक. मग त्यांच्याच घरातील जुन्या बोरूने त्याच रेघा काढविल्या. बोरू कोरडा पडलेला होता, पाण्यात भिजवावा लागला, पण रेघा जशा यावयास हव्या तशा आल्या. हात जागच्या जागी होता. धार परकी होती. आज ते पेन त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराला उत्तम चालते. मराठीसाठी त्यांच्याकडे दुसरे आहे.

ते दुसरे कोणते? उजव्या पावलाचे. मराठी लिहिणाऱ्या उजव्या हाताला तिरपे निब घ्यावयाचे तर ते उजव्या पावलाचे घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. बोरूचा काप ज्या अंगाला झुकतो, त्याच अंगाला ते झुकते. अडचण अशी की ते आयते क्वचितच मिळते. तेव्हा ते घासून करून घ्यावे लागते, आणि यासाठी आधी रुंद टोकाचे साधे निब घ्यावे. मध्यम किंवा बारीक निबाच्या मण्यात घासण्याजोगा धातूच नसतो. पोलादी, स्वस्त, देशी बनावटीचे निब घेऊन प्रथम त्यावर प्रयोग करावा. सोन्याच्या निबाला हात लावण्याची घाई करू नये, कारण घासलेला धातू परत येत नाही. निबे घासून देणारे कारागीर आता थोडे उरले आहेत, पण आहेत. त्यांना ‘उजव्या पावलाचे, पंधरा ते वीस अंश, कोपरे मोडलेले’ एवढे सांगितले तर काम होते. कोपरे मोडलेले म्हणजे तीक्ष्ण न ठेवता किंचित गोलावलेले. धारदार कोपऱ्यांचे निब फळ्यासारखी मोठी अक्षरे संथपणे काढावयास छान. पण भरभर पत्र लिहिताना वर जाणाऱ्या रेघेत ते कागदात रुतते आणि शाईचे शिंतोडे उडविते. मोडीसारखे धावते लिहिणाऱ्याने तर कोपरे हमखास मोडून घ्यावेत.

रुंदी किती, हे अक्षराच्या उंचीवरून ठरवावे. अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाच ते सहा पट असली की पोटे उघडी राहतात असा माझा अनुभव आहे. एक मिलिमीटरचे टोक असेल तर पाच-सहा मिलिमीटरचे अक्षर, म्हणजे ऐसपैस पत्राचे. त्याहून लहान अक्षर असणाऱ्याने रुंदी कमी करावी, नाही तर ‘क्ष’, ‘भ’, ‘श्र’ यांचे डाग होतात.

निवड करण्यापूर्वी स्वतःची धरण तपासून पाहावी. ही तपासणी कोणालाही घरी करता येते. नेहमीच्या पेनाने चार ओळी लिहाव्यात आणि लिहिता लिहिता हात तसाच थांबवून निबाच्या मधल्या चिरेकडे पाहावे. चीर सरळ आकाशाकडे पाहत असेल तर पेन सरळ धरले जाते. ती डावीकडे कलली असेल तर आपण पेन आत वळविता, उजवीकडे कलली असेल तर बाहेर. उजव्या पावलाचे निब सपाट टेकण्यासाठी चीर किंचित उजवीकडे कललेली लागते. ज्यांची चीर मुळीच डावीकडे असते त्यांनी हट्ट धरू नये. त्यांच्या हातात उजव्या पावलाच्या निबाचा एकच कोपरा टेकेल, आणि कागदावर मांजर नखे घासते आहे असा आवाज येईल. त्यांनी सरळ सपाट टोकाचे निब घ्यावे आणि बाकीचे काम कागद फिरवून साधावे.

कागद फिरविणे म्हणजे काय तेही सांगतो. बहुतेक उजव्या हातांची सवय अशी की पेनाची मागची बाजू उजव्या खांद्याकडे झुकते. त्यामुळे सरळ निबाची धार आपोआप चढणीकडे जाते, रोमनला सोयीची होते. मराठी लिहिताना कोपर अंगाजवळ आणावे, पेनाची मागची बाजू छातीकडे यावी. एवढ्याने धार आडवी होते. मग कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे झुकवावा, वीसेक अंश. त्याबरोबर धार ओळीच्या मानाने उतरणीकडे झुकते. उरलेले पंधरा-वीस अंश उजव्या पावलाचे निब देते. तिन्हींची बेरीज बोरूच्या कोनाजवळ पोहोचते. चटई किंवा जमिनीवर बसून, गुडघ्यावर पाटी घेऊन लिहिणाऱ्या माणसाचे कोपर आपोआपच अंगाशी येते. टेबल-खुर्चीने अक्षर थोडे बिघडविले असे मी म्हटले तर शाळांवर राग नको.

आणि आता एक गोष्ट, जी सांगण्यासाठी मी मुद्दाम थोडा वेळ राखून ठेवला आहे. डावखुरी मुले. आपल्या घरांत अजूनही ताटावर आणि वहीवर डावा हात दिसला की वडीलधाऱ्यांचे डोळे मोठे होतात. इंग्रजी शाळेत या मुलांना रुंद निबाचा त्रास होतो हे खरे. कारण डाव्या हातातील सरळ निबाची धार उतरणीकडे असते, आणि रोमनला हवी असते चढण. त्यासाठी त्यांना डाव्या पावलाचे तिरपे निब लागते. पण देवनागरीला काय हवे असते? उतरणच! म्हणजे जे मूल हात ओळीच्या खाली ठेवून डाव्या हाताने लिहिते, त्याच्या हातात साधे, सरळ, सपाट टोकाचे निब दिले की त्याचे मराठी अक्षर आपोआप बोरूच्या वळणाचे येते. कोपर, कागद, उजवे पाऊल, यांतील एकाही खटपटीची त्याला गरज नाही. बाकीच्या साऱ्यांना मराठीसाठी जी धार मिळवावी लागते, ती या मुलांच्या हातात जन्मतःच असते. काही डावखुरी मुले मनगट वाकवून ओळीच्या वरून लिहितात. त्यांचा हिशेब निराळा. पण लहानपणीच हात ओळीखाली ठेवावयास शिकविले तर तो प्रश्न उद्भवत नाही, आणि ओली शाईही हाताने फारशी पुसली जात नाही.

शाई आणि कागद यांविषयी दोन शब्द. रुंद टोक शाई पुष्कळ पिते. घट्ट, संथ उतरणारी शाई घातली तर रेघ मध्येच कोरडी पडते. साधी, प्रवाही निळी किंवा काळी शाई बरी. चमक असलेल्या रंगीत शाया सध्या मुलांना आवडतात. त्यांचा गाळ चिरेत बसतो. पेन महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावे. कागद गुळगुळीत हवा, पण इतका गुळगुळीत नको की शाई वाळावयासच तयार नाही. शालेय वह्यांचा पातळ कागद या निबांना चालत नाही, मागे उमटतो.

आणि ज्यांना पेनाच्या भानगडीत पडावयाचेच नसेल त्यांनी बोरूच तासावा. काड्या नदीकाठी मिळतात, गावाहून येणाऱ्याबरोबर मागविता येतात. टोक लांब उतरते तासावे, मध्ये चीर द्यावी, आणि शेवटचा काप एका झटक्यात, कठीण लाकडावर ठेवून द्यावा. डावा कोपरा पुढे राहिला पाहिजे. चाकू मोठ्या माणसाने हाती घ्यावा, लिहावे मुलांनी.

मागच्या टेबलावर मी चार लेखण्या मांडून ठेवल्या आहेत: एक बोरू, एक सरळ सपाट निबाचे पेन, एक डाव्या पावलाचे आणि एक उजव्या पावलाचे. प्रत्येकीजवळ कागद आहे. आधी चार रेघा काढा, मग आपले संपूर्ण नाव मराठीत लिहा, आणि कोणत्या लेखणीने लिहिले ते कोपऱ्यात नोंदवा. स्मरणिका समितीने त्यांतील काही पाने छापण्याचे कबूल केले आहे. गर्दी होईल, म्हणून क्रम ठरवून देतो. डावखुऱ्या मुलांनी पहिल्याने यावे, आणि सरळ निबाच्या पेनापाशी उभे राहावे.